पाहुण्यांच्या पांढऱ्या, आमच्या काळ्या

मी आजवर बुद्धिबळाचा एकही डाव पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळलेली नाही. हे सांगितलं की लोकांना वाटतं, बाई काहीतरी तत्त्वाचं बोलते आहे. तत्त्व वगैरे काही नाही. आमच्याकडे घरात खेळायला बसलं की पांढऱ्या मोठ्यांना द्यायच्या आणि गावात खेळायला बसलं की पांढऱ्या पाहुण्यांना द्यायच्या, असा रिवाज. मी घरात सून आणि गावात गावचीच. पहिली चाल पांढऱ्याची असते, म्हणजे मी जन्मभर दुसरी चाल खेळत आले. याबद्दल माझी कीव करणाऱ्यांना मी चहा देते आणि पटावर बसवते.

आमचं गाव अंबड तालुक्यातलं, अंतरवाली सराटीहून फार लांब नाही. शिवारात कापूस आणि सोयाबीन, चौकात चहाच्या दोन टपऱ्या, त्यातल्या एकीपुढे पत्र्याचं शेड. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या शेडमध्ये पाच पट मांडले जातात आणि अंबडच्या बाजारपेठेतली पाच माणसं आमच्या गावच्या पाच जणांशी खेळायला येतात. हे कधी सुरू झालं ते कुणाला सांगता येत नाही. सामना दर वर्षी आमच्याच गावात, जेवण आमचं, आणि पाहुणे म्हणून पांढऱ्या पाचही पटांवर त्यांच्या. गावातल्या कुणालाही यात काही गैर वाटत नाही. पाहुण्याला पाटावर बसवून स्वतः भुईवर बसावं, इतकं ते सरळ आहे.

पाचव्या पटावर माझे सासरे बसायचे. त्यांना मी मामा म्हणते. घरात सराव करायला त्यांना कुणीतरी हवं होतं आणि माझा नवरा पटासमोर बसला की पेंगायला लागतो, म्हणून लग्नानंतर थोड्याच दिवसांत ते मला म्हणाले, "सूनबाई, येती का बसायला?" मी बसले. अंबडच्या शाळेत शिकवून येष्टीनं घरी आलं, स्वयंपाक आवरला की बसायचे. अंबडवाले पांढऱ्यांनी काय काय करतात ते मामा माझ्यावर करून बघायचे, आणि मी काळ्यांनी त्यांना तोंड द्यायचे. सरावाची बाहुलीच होते मी. पण बाहुली शिकत होती.

मामांचा मूळ खेळ जुना, देशी नियमांचा. त्यात प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर सरकतं. राजा-हत्तीची जागापालट करणारा किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला, त्याला शह बसायच्या आधी, एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते. सामना मात्र नव्या नियमांनी व्हायचा, कारण अंबडवाले पुस्तकं वाचून खेळणारे. तेव्हा मामा वर्षभर देशी खेळायचे आणि पोळा जवळ आला की नव्या नियमांवर यायचे. मलाही त्यांनी तसंच शिकवलं, आधी देशी आणि मग नवं.

काळ्यांची एकच मांडणी ते खेळायचे, तिला ते गढी म्हणायचे. आधी राजाकडचा घोडा बाहेर. मग त्या घोड्याच्या घरापुढचं प्यादं एक घर पुढं, आणि त्याच्या मागं उंट. वजिरापुढचं प्यादं एक घर. मग किल्लेकोट करून राजाला उंटाच्या पाठीशी घालायचं. एवढं होईपर्यंत समोरचा मधली सगळी घरं घेऊन बसलेला असतो. तीन-तीन प्यादी मध्ये रोवून तो तुमच्याकडे बघतो, आणि बघणाऱ्यांना वाटतं की काळ्याचा डाव संपला.

"मामा, हे सगळं मैदान त्याला देऊन टाकायचं?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"घेऊ दे की. घेतलं म्हंजी राखावं बी लागतंय. त्याला राखू दे, तू दम धर. मंग एक दिवस मधलं प्यादं सार त्याच्या अंगावर."

गढी ही एवढीच आहे. लपून बसण्याचा डाव नाही तो. समोरच्याला पसरू द्यायचं आणि पसरलेल्याच्या बुडाला हात घालायचा. राजापुढचं प्यादं पुढं ढकलून मध्यावर धडक मारली की बहुतेक वेळा समोरचा आपलं प्यादं पुढं सारून मध्य बंद करून टाकतो. मग पटाचे दोन भाग होतात. पांढरा वजिराच्या बाजूनं घुसतो, काळा राजाच्या बाजूनं, आणि जो आधी पोचेल तो जगतो. अशी शर्यत ज्यांना झेपत नाही त्यांनी दुसरं काही खेळावं. मला ती पहिल्याच महिन्यात आवडली.

मग मामांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, आणि उरलेलीही फार दिवस टिकली नाही. त्यांना पट दिसेनासा झाला तेव्हा मी चाली तोंडी सांगायला लागले, ते डोक्यात पट धरून खेळायचे आणि तरीही मला हरवायचे. पण सामन्यात तसं चालणार नव्हतं. पोळ्याच्या आधी त्यांनी मला हात धरून चौकात न्यायला सांगितलं. तिथं आमच्या गावचे पहिल्या पटावरचे काका चहा पीत बसले होते. सामन्याचं सगळं तेच बघतात.

"भाऊ, पाचव्या पटावर आता कोन बसवायचं?" काकांनी विचारलं.

"माझी सून," मामा म्हणाले.

"मजाक करून राह्यले का भाऊ? चौकात बाईमानूस बसवता? अंबडचे लोक काय म्हनतील?"

"म्हनू द्या. तुमच्यापैकी कुनाबी संगं आत्ता खेळून दाखवती ती."

कुणी पुढं आलं नाही. टपरीवाल्यानं गॅस बारीक केला आणि कान इकडे लावले. काकांनी बराच वेळ बशी हलवली आणि मग तोडगा काढला. "बसू द्या एक साल. पन एक सांगतो भाऊ, हरल्या तर पुढल्या साली जागा दुसऱ्याची. मंग कुरकुर चालनार न्हाई."

"कबूल," मामा म्हणाले. "माझा शब्द."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिथंच उभी होते, त्यांचा हात माझ्या हातात होता, आणि मला एका शब्दानं विचारलं नाही कुणी. घरी येताना मी म्हटलं, "मामा, बाकी चौघांना अशी अट हाय का?" ते म्हणाले, "तू जिंक, मंग अटीचं काय?" मला ते पटलं नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैल रंगवलेल्या शिंगांनी आरामात उभे होते आणि आख्खा गाव शेडभोवती जमला होता. एरवी पाचव्या पटाकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्या दिवशी गर्दी तिथंच. माझ्यासमोर अंबडचे एक कापड व्यापारी बसले. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण पिढ्यान् पिढ्या अंबडला. माणूस सभ्य. मला बघून गोंधळले, मग नमस्कार करून म्हणाले, "वहिनी, चालू करू?" मामा माझ्याशेजारी खुर्चीवर बसले आणि मी प्रत्येक चाल त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगत राहिले. चाल सुचवायची नाही, नुसती ऐकायची, असं ठरलं होतं.

व्यापाऱ्यांनी वजिरापुढचं प्यादं दोन घरं सारलं. मी घोडा काढला. त्यांनी मध्ये तीन प्यादी रोवली, मी गढी बांधली. मागून कुणीतरी म्हणालं, "कोपऱ्यात कोंडून घेतलं की ओ बाईनं," आणि हशा झाला. मी राजापुढचं प्यादं मध्यात ढकललं. त्यांनी थोडा विचार करून मध्य बंद केला. आता शर्यत. ते वजिराच्या बाजूनं प्यादी पळवायला लागले. मला माझा पुढचा घोडा मागं घ्यायचा होता, कारण त्याच्यामागं राजाकडच्या उंटाच्या घरापुढचं प्यादं अडकलं होतं. तेच प्यादं दोन घरं पुढं मारायचं आणि त्यांच्या राजावर जायचं. घोडा मागं घेतला. त्यांनी एक चाल केली. मी त्या प्याद्याला हात घातला.

आणि माझ्या हातानं ते एकच घर सरकवलं.

डोक्यात दोन घरं होती. पण हात मामांच्या पटावर वाढलेला, तिथं वर्षातले बहुतेक दिवस प्यादं एकच घर जातं. मी बोटं उचलली तेव्हा कळलं. आमच्या सामन्यात हात सुटला की चाल झाली. मी मामांना चाल सांगितली तेव्हा माझा आवाज खाली गेला. ते खुर्चीत पुढं झुकले. "एकच घर?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते परत मागं टेकले आणि त्यांनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

अशा शर्यतीत एक चाल गेली म्हणजे डाव गेला. व्यापाऱ्यांनाही ते कळलं. त्यांनी पटाकडं बघितलं, गर्दीकडं बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "जाऊ द्या वहिनी. बराबरी करून टाकू. चांगला खेळ झाला."

बरोबरी म्हणजे हार नव्हे. जागा वाचत होती. आपला डाव आटोपून मागं उभे असलेले काका लगेच म्हणाले, "घ्या, घ्या, मोठ्या मनाचा मानूस हाय." मामा म्हणाले, "घेऊन टाक, सूनबाई."

आजवर मी मामांचा शब्द कधी मोडला नव्हता. पण मला दिसत होतं की ही बरोबरी पटावरून आलेली नाही, कीव येऊन आलेली आहे. समोर पुरुष असता तर त्या माणसानं त्याला शांतपणे संपवलं असतं आणि नंतर जेवायला बसला असता. मला दान नको होतं. मी म्हटलं, "न्हाई. खेळा."

"सूनबाई," मामा परत म्हणाले. आवाज कडक होता.

"न्हाई मामा. डाव चालू हाय."

मग मी ते प्यादं उरलेलं एक घर पुढं सारलं, ते आणखी पुढं गेलं, शेजारचंही सुटलं, दोन्ही घोडे, वजीर, हत्ती सगळे त्यांच्या राजाच्या दाराशी नेऊन उभे केले. मागचा हशा कधी थांबला ते कळलंही नाही. व्यापाऱ्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांच्या हत्तीनं माझ्या मागच्या ओळीत घुसून मात केली तेव्हा माझी मात पुढच्या चालीला तयार होती. मी हरले. एका चालीनं.

पट आवरताना ते म्हणाले, "वहिनी, एक सांगू? ही मांडणी सोडून द्या. जुनी गावठी चीज हाय. आता कॉम्प्युटर पन सांगतो, पांढऱ्याला बरं जातं म्हनून." मनापासून सांगत होते. पण गावठी हा शब्द मला लागला.

मामा माझ्याशी बोलेनासे झाले. जेवण वाढलं की जेवायचे, औषध दिलं की घ्यायचे, पण पटाचं नाव काढत नव्हते. हरल्याचा राग नव्हता त्यांना. ऐकलं नाही म्हणून राग होता, आणि दिलेल्या शब्दापायी आता घरची पाचव्या पटावरची जागा जाणार याचा. मला वाईट वाटायचं, घरात तो पट गुंडाळलेला बघवत नव्हता. तरी मी माफी मागितली नाही, कारण मागावी असं मला वाटत नव्हतं.

त्या वर्षात मी येष्टीत बसून मोबाइलवर या गावठी मांडणीची कुळकथा वाचून काढली. पुस्तकात तिला किंग्ज इंडियन डिफेन्स म्हणतात. यातला इंडियन कोण, हे वाचलं तेव्हा मी उतरायचा थांबा चुकले. कंपनीच्या राज्यात कलकत्त्याला एक इंग्रज वकील होता, पट्टीचा खेळाडू. त्याला कुणीतरी सांगितलं की आतल्या खेड्यात एक माणूस आहे, तो कुणाला हार जात नाही. वकिलानं त्याला बोलावून घेतलं. तो माणूस देशी नियमांवर वाढलेला. साहेबाच्या नियमांनी खेळायला लागला तरी त्याची प्यादी एकेक घरच सरकायची आणि उंट प्याद्यामागं जाऊन बसायचा. वकिलानं ते डाव लिहून ठेवले, म्हणून ते आज वाचायला मिळतात. त्यातले पुष्कळ डाव तो खेड्यातला माणूस हरलेला आहे. तरी तो परत परत बसला आणि परत परत तेच खेळला.

पुढं युरोपातल्या शहाण्यांनी या तऱ्हेच्या मांडण्यांना इंडियन हे नाव लावलं, त्यात कौतुक कमी आणि नाक मुरडणं जास्त होतं. मध्य सोडून देणारा खेळ तो काय खेळ, असं कितीतरी वर्षं समजलं गेलं. मग दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे रशियाकडच्या पोरांनी हीच मांडणी उचलली आणि भल्याभल्यांना तिच्यात बुडवलं. मग पांढऱ्यांनी उतारे शोधले, मोठमोठ्यांनी ती टाकून दिली, पुन्हा कुणी उचलली, पुन्हा टाकली. आता कॉम्प्युटर म्हणतो, पांढऱ्याला किंचित बरं. म्हणू दे. किंचित बरं तर पांढऱ्याला पहिल्या चालीपासूनच असतं. मला कुणी बरं देऊन बसवलेलं नाही, मी आहे त्यात खेळते. ज्याला सगळं आधीच बरं असतं, त्यानं मला माझी मांडणी बदलायला सांगू नये.

मी एकटीच सराव करत राहिले. प्रत्येक प्यादं दोन घरं, दोन घरं, हाताला सवय लागेपर्यंत.

पुन्हा पोळा आला. आदल्या दिवशी मामांनी बऱ्याच दिवसांनी मला हाक मारली. "उद्या चौकात जायचं न्हाई. शब्द दिलेला हाय मी."

"मी जानार हाय, मामा."

"मंग माझ्या शब्दाची किंमत काय राह्यली?"

"अन् माझ्या खेळाची?"

त्यांनी तोंड फिरवलं. रात्रभर मला झोप लागली नाही. भीती काकांची नव्हती. या माणसानं मला पट दिला आणि मी भर चौकात त्याचा शब्द खाली पाडायला निघाले, याची होती.

सकाळी शेडमध्ये कुणी यायच्या आत मी पाचव्या पटावर जाऊन बसले. काळ्या मोहऱ्या लावल्या. पाहुण्यांच्या बाजूला पांढऱ्याही लावून ठेवल्या. टपरीवाल्यानं न विचारता चहा आणून ठेवला. थोड्या वेळानं काका आले, त्यांच्यामागं गावचे बाकीचे खेळणारे आणि एक नवा गडी, ज्याला माझ्या जागी बसायचं होतं.

"हे काय? जागा गेल्ती ना तुमची?"

"कशानं गेल्ती?"

"हरल्या म्हनून."

"काका, मागल्या साली तुम्ही हरल्ते का न्हाई?"

काकांनी इकडंतिकडं बघितलं.

"त्याच्या मागल्या साली?" मी विचारलं. "दुसऱ्या पटावरचे हरल्ते. तिसऱ्यावरचे तर मला गावात आल्यापासून जिंकलेले दिसले न्हाईत. तुमच्यापैकी कोन उठलंय आजवर? हरूनबी तुमची जागा तुमचीच. मंग मी एकदा हरले तर माझी कशी जाती, ते सांगा. बराबर वाटलं तर मी उठते."

टपरीवाला हसला आणि लगेच खोकला. काकांचा चेहरा लाल झाला. "ते आमाला कशाला विचारता? तुमच्या सासऱ्यांनी शब्द दिल्ता. भर चौकात. तुमच्याच घरातल्या मानसाचा शब्द तुम्ही मोडता?"

अंबडची गाडी येऊन थांबली, पाहुणे उतरत होते, व्यापारी शेडच्या कडेला येऊन उभे राहिले. मी पटाकडं बघत बसले आणि ठरवलं, उचलून बाहेर काढलं तरच उठायचं.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. मामा भिंतीला हात लावत लावत एकटेच आले होते. सोबत कुणी नव्हतं. धोतराला चिखल लागला होता, कुठंतरी अडखळले असणार. मी उठून हात द्यायला निघाले.

"बस खाली," ते म्हणाले.

मला वाटलं, आता हे मला घरी नेणार. काकांनाही तेच वाटलं. "भाऊ, तुम्हीच सांगा आता," ते म्हणाले.

"सांगतो," मामा म्हणाले. नजर नसलेले डोळे त्यांनी आवाजाच्या दिशेनं वळवले. "शब्द मी दिल्ता, तिनं न्हाई. तिला न विचारता दिल्ता, ते चुकलं माझं. आता मीच तो मोडून राह्यलो. थुंकायचं असंल तर माझ्यावर थुंका. जन्मभर शब्द पाळला म्हनून गावानं मला मान दिला, तो परत घ्या. पन ती उठनार न्हाई."

नवा गडी आपणच मागं सरकला. मामांनी चाचपडत शेजारची खुर्ची धरली आणि बसले. व्यापारी पुढं आले, पटासमोर बसले आणि मामांना नमस्कार करून म्हणाले, "भाऊ, या साली मी बराबरी मागनार न्हाई."

"मागू बी नका," मामा म्हणाले. "देनार न्हाई ती."

व्यापाऱ्यांनी पहिली चाल केली आणि मी ती मोठ्यानं मामांना सांगितली.